पंखाच्या पलीकडे कोण होतं?

तुमच्या सदरात मागे कुणीतरी वडाखालच्या पांढऱ्या साडीतल्या बाईबद्दल लिहिलं होतं. वाचून मला हसू आलं. चकवा, मुंजा, हडळ... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या अंधेरीजवळच्या आंबोलीतल्या ज्या चिंचेला लोक वचकून असायचे, तिच्याखालून मी तिन्हीसांजेला एकटी येत-जात असे. कुणी हाक मारली नाही. मारली असती तर मीच दोन शब्द सुनावले असते, असा माझा स्वभाव. आता सत्तरी उलटली तरी तो काही बदललेला नाही — सुना सांगतील.

तरीही एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. आजवर घराबाहेर कुणाला अख्खी सांगितली नाही. ज्याच्यामुळे गप्प होते तो माझा भाऊ गेल्या वर्षी वारला, म्हणून आता लिहिते.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतली. सांताक्रूझला मोठी विमानं उतरायला लागली होती, आणि जुहूचं जुनं मैदान छोट्या विमानांसाठी राहिलं होतं. त्या मैदानाच्या कडेला एका खाजगी कंपनीचं हँगर होतं — कंपनीचं नाव देत नाही, ती कधीच बंद पडली. मी तिथे नोकरीला होते. शिवणकाम करायला!

हे सांगितलं की लोक हसतात. विमानात शिवण्यासारखं काय असतं? अहो, ती विमानं पत्र्याची नव्हती. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड आणि कापडावर डोप नावाच्या रोगणाचे हात. डोपचा वास असा उग्र की नवीन माणसाचं डोकं गरगरायचं. डोप सुकला की कापड ढोलकीसारखं ताठ व्हायचं. एकावर एक असे दोन पंख आणि त्यांच्यामध्ये उभे दांडे, असा सगळा थाट.

नियम असा होता की ठराविक तास उडून झाले की विमान हँगरमध्ये आणायचं, कापड फाडून काढायचं आणि आतलं लाकूड, तारा, बोल्ट सगळं तपासायचं. काही भाग तर असे, की दिसायला कितीही चांगले असोत, त्यांचं आयुष्य भरलं की काढून फेकायचे आणि नवे घालायचे. यात वाद नाही. मग लायसन्स असलेला इंजिनिअर सही करणार, आणि मग आम्ही पंखावर नवं कापड चढवणार.

आम्ही म्हणजे मी आणि मार्था. मार्था आंबोलीच्याच गावठाणातली. चर्चमागे तिचं घर, आमची भाड्याची खोली तिच्या आवाराला लागून. लढाईच्या दिवसांत ती जुहूलाच हे काम शिकली होती, आणि तिने मला शिकवलं. रोज सकाळी आम्ही दोघी डबे घेऊन ताडाच्या बनांतून चालत जुहूला जायचो. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पण मला 'बाय' म्हणायची आणि मी तिला 'मार्था'. तिनेच तसं बजावलं होतं.

कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पंख लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, कडेवर उभा ठेवायचा — पलंग कुशीवर उभा केला तर कसा दिसेल, तसा. एका बाजूला मी बसायची, दुसऱ्या बाजूला मार्था. हातभर लांब सुई. मी इकडून टोचायची, सुई पंखातून आरपार तिच्या बाजूला. ती दोरा ओढून तिच्या बाजूने गाठ मारणार, सांगाड्यातल्या लाकडी पट्टीच्या पलीकडून सुई परत माझ्याकडे टोचणार, मी माझ्या बाजूने गाठ मारणार. असं टाक्यामागून टाका. मध्ये कापडाची भिंत. दिवसभर एकमेकींसमोर बसूनही एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. मार्था काम करताना मेणाचा दोरा दातांत धरायची, म्हणून बोलायचीही नाही. मग आमची खूण ठरलेली. कापडावर नखाने एकदा वाजवलं, टक्, म्हणजे सुई येतेय, बोट सांभाळ. दोनदा वाजवलं, टक् टक्, म्हणजे थांब, इथे काहीतरी बरोबर नाही.

आता माझा भाऊ वसंत. आमचे आईवडील लवकर गेले. मालवणकडचं घर काकांनी घेतलं, आणि मी वसंताला घेऊन मुंबईला आले. त्याला शिकवलं. इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. त्या दिवशी मी आख्ख्या गावठाणात साखर वाटली. माझ्या लग्नाचं बोलणं कुणी काढलं की मी म्हणायची, आधी वसंताचं मार्गी लागू दे. दुसरं माणूस मला नव्हतंच. हे नीट लक्षात घ्या, म्हणजे मी पुढे जे केलं ते का केलं ते कळेल.

वसंताला आमच्याच हँगरमध्ये नोकरी लागली. आणि पहिल्यांदाच एक आख्खं विमान त्याच्या सहीवर बाहेर पडणार होतं.

आमच्या हँगरात एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडत नसे. ज्याने सही केली त्याने पहिल्या फेरीला पायलटबरोबर विमानात बसायचं. सही करणाऱ्याला आपल्या कामाचा भरवसा आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून. मला तो रिवाज तेव्हा फार आवडायचा.

या विमानाच्या वेळी बनवणाऱ्या कंपनीकडून नवा हुकूम आला होता. पंखांमधले दांडे जिथे बसतात तिथे पंखाच्या आत पोलादी बोल्ट असतात, ते सगळे बदलायचे. कुठेतरी परदेशात एक तुटला होता म्हणे. वसंत घरी जेवताना मला असं सगळं सांगायचा. नवे बोल्ट विलायतेहून यायचे होते आणि गोदीत अडकले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? थांबायचं. त्याशिवाय सही होत नाही."

पण हँगरचे शेठ थांबणारे नव्हते. विमान ज्यांचं होतं ते रोज फोन करत होते आणि शेठ ते सगळं वसंतावर काढत होते. "अरे, जुने बोल्ट काय सडलेत काय? चांगले चमकतात ना! तू इंजिनिअर आहेस की पोस्टमन? कागद आला की घाबरतो!" मी माझ्या कोपऱ्यात बसून ऐकायची आणि मनात शिव्या घालायची.

मग एके दिवशी वसंत म्हणाला, "बोल्ट आले. उद्यापासून कापड चढवा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. वरचा पंख हँगरातल्या आमच्या शिवणाच्या खोलीत आला. आतले बोल्ट मी पाहिले, नव्या हिरव्या रंगाने रंगवलेले, छान दिसत होते. आम्ही कापड चढवलं, डोपचा पहिला हात दिला, आणि शिवायला बसायचं तर मार्था तापाने आडवी झाली. टायफॉइड. तिला हॉस्पिटलात हलवलं.

शेठने पलीकडे रंगकाम करणारा गणपत बसवला. तो दोरा असा ओढायचा की कापड फाटेल! अर्ध्या दिवसात मी त्याला हाकलला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर झाडाखाली गेले. मला जेवण जाईना. मनात आलं, एकटीनेच करून बघू. इकडून सुई टोचायची, उठून पलीकडे जायचं, ओढायची, परत टोचायची, पुन्हा इकडे यायचं. दोन-चार टाके घातले आणि कंबर मोडली. इकडच्या बाजूला स्टुलावर टेकले. सुई अर्धी टोचलेली होती, ती उगाच पुढे ढकलली. म्हटलं, जरा दम खाऊ आणि मग उठू.

टक्.

आणि सुई परत आली!

मला वाटलं, मी टेकले तेवढ्यात पाठीमागून गणपत आत आला. वाटलं, बरं झालं, शहाणपण सुचलं मेल्याला. मी गाठ मारली, सुई टोचली. टक्... सुई परत. दोरा ओढलेला अगदी बेताचा, ना सैल ना घट्ट. गणपतला हे जमणार नाही, हे माझ्या हाताला आधी कळलं आणि डोक्याला मागाहून.

"मार्था?" मी म्हटलं. "अगं, तू कधी आलीस? बरं वाटतंय का तुला?"

उत्तर नाही. पण ती काम करताना बोलत नसेच ना! मला इतका आनंद झाला की मी बडबडत सुटले. शेठच्या तक्रारी, गणपतची चेष्टा, सगळं. टाके भराभर पडत होते. असा हात आमचा कधीच लागला नव्हता. एक पट्टी झाली, दुसरी झाली. मग आम्ही दांड्याच्या जागेपाशी आलो.

मी सुई टोचली. ती पलीकडे गेली आणि परत आली नाही.

टक् टक्.

मी थांबले. थोड्या वेळाने दोरा ओढून पाहिला. पलीकडून कुणीतरी धरून ठेवला होता. टक् टक्. "काय गं? काय झालं?" टक् टक्. मी पुन्हा दोरा ओढला. ताणलेला, हलेना. आता मात्र मी उठले आणि पंखाला वळसा घालून पलीकडे गेले.

कुणीही नव्हतं.

स्टूल रिकामं. खोलीला दार एकच, ते माझ्या बाजूला. सुई कापडात निम्मी रुतलेली, आणि दोरा... दोरा हवेत ताणून उभा होता, कुणी चिमटीत धरावा तसा. मी बघत होते आणि बघता बघता तो सैल होऊन खाली पडला.

मी ओरडले नाही.  मग वेड्यासारखी मी पलीकडचे टाके बघायला लागले. आत्ता पडलेल्या टाक्यांच्या सगळ्या गाठी डाव्या हाताच्या होत्या. मार्था डावखुरी. हँगरात दुसरं कुणी डावखुरं नव्हतं, आणि मला तर डाव्या हाताने घास घेता येत नाही, गाठ कुठली मारतेय.

बाहेर झाडाखाली जाऊन विचारलं. कुणी आत आलं नव्हतं. गणपत डबा खात होता. संध्याकाळी धावतपळत हॉस्पिटलात गेले तर मार्थाची बहीण उशाशी बसलेली, आणि मार्था शुद्धीवर नाही. सकाळपासून तिने डोळे उघडले नव्हते.

"काय सांगू बाय," बहीण म्हणाली, "नुसती नखां घासते चादरीवर. सारखी सारखी."

मी तिच्या हाताकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने उभं राहून गणपतकडून आणि माझ्याकडून उरलेलं काम पुरं करून घेतलं. दांड्याच्या जागेवर दोरा पुन्हा पुन्हा तुटला. मेण जास्त लावून तो एकदाचा बसवला. मग डोपचे हात, लाल रंग, आणि पंख विमानाला लागला. मी स्वतःची समजूत घातली की उपाशीपोटी डोपचा वास डोक्यात गेला होता. गाठींचं काय, याचा विचारच करायचा नाही असं ठरवलं.

पण ते थांबेना. हँगरात विमान उभं, आणि मी शेजारून गेले की पंखातून, नेमक्या त्याच जागेतून, टक् टक्. मी चालायची थांबले की तेही थांबायचं. पाऊल उचललं की टक् टक्. मी वसंताला ओढत आणलं. "ऐक."

तो पंखाजवळ उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक होता, पण मला वाटलं जागरणाने.

"ऊन लागलं की कापड ताणतं, ताई. त्याचा आवाज."

"कापडाचा आवाज तू मला शिकवतोस? बारा महिने मी त्यावर हात फिरवते!"

"मला काही ऐकू येत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. पान वाढलं की दोन घास खाऊन उठायचा. मला वाटलं, पहिली सही आहे, धास्ती घेतली असेल. आणि मग, उद्या विमान उडणार म्हणून संध्याकाळी मी फडताळ आवरत होते, तेव्हा माझ्या मनात एकदम काहीतरी खटकलं.

विलायतेहून येणारे सुटे भाग ग्रीस लावलेल्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून येत. वसंत तो कागद न चुकता घरी आणायचा, कारण फडताळात अंथरला की त्यावर मुंग्या फिरकत नसत. मीच त्याला सवय लावली होती. प्रत्येक नव्या भागाचा कागद आमच्या घरात होता. या वेळी एकही आला नव्हता.

"वसंता, बोल्टचा कागद कुठाय रे?"

"कसला कागद?"

"बोल्ट ज्यात आले तो."

"फेकला."

"तू? फेकलास?"

 खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. सुटलेली नाडी त्याने पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मला सगळं कळलं. मी भिंत धरली.

"जुनेच आहेत ना? रंगवलेस ना वरून?"

"ओरडू नकोस. बाजूला माणसं आहेत."

"वसंता!"

"चांगले आहेत ते! मी हाताने साफ केलेत. कुठे काही नाही त्यांना. गोदीतून माल कधी सुटेल ते देव जाणे. शेठ म्हणाले, सही करत नसशील तर दुसरा आणतो. दुसरी नोकरी कुठे ठेवलीय माझ्यासाठी? अख्ख्या मुंबईत असली हँगरं किती?"

"नोकरी गेली खड्ड्यात! उद्या बसू नकोस."

"बसणार. म्हणून तर बसणार!" त्याचा आवाज चिरकला. "माझी सही, माझा जीव. झालं ना? दुसऱ्या कुणाच्या जिवावर मी सही केलेली नाही."

"आणि विमान चालवणारा कॅप्टन? तो कुणाचा कुणी नाही?"

वसंताने माझ्याकडे पाहिलं. हा विचार त्याने केला नव्हता असं नाही, तो त्याने लांब ठेवला होता. मग तो उठून बाहेर गेला. मी त्याच्या पाया पडले असते हो, पण तो थांबलाच नाही.

सकाळी मी शेठना गाठलं. हात जोडून सांगितलं, आजचा दिवस विमान उडवू नका, एकदा पंख उघडून बघा. भावाचं नाव घेता येईना. घेतलं असतं तर त्याचं लायसन्स गेलं असतं, कदाचित तुरुंगही लागला असता. म्हणून नुसती रडत राहिले. शेठ म्हणाले, "बाई, तू तुझी शिलाई बघ. सकाळी सकाळी अपशकुन करू नको." मी पंखाच्या टकटकीबद्दल बोलले तर आजूबाजूचे लोक हसले. आता सांगा, मी तरी दुसरं काय करायला हवं होतं?

विमान बाहेर गवतावर आणलं होतं. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ, उडायला अगदी झकास. कॅप्टन मागच्या जागेवर बसले, तरुण, हसतमुख माणूस, त्यांची बायको गाडीजवळ उभी राहून बघत होती. वसंत पुढच्या जागेवर बसला. त्याने पट्टा बांधला. माझ्याकडे पाहिलं नाही. गणपत विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवायला पुढे झाला.

आणि मला ऐकू आलं. एवढ्या मोकळ्या मैदानात, दहा हातांवरून. टक् टक्. टक् टक्. टक् टक्. नखं तुटतील अशा जोराने.

कमरेला माझी कात्री होती. मी धावले, खालच्या पंखावर पाय दिला आणि वरच्या पंखाचं कापड त्या जागी भोसकून टराटरा फाडलं. इतक्या दिवसांचं काम. माझेच टाके, आणि ज्याचे कुणाचे असतील त्याचे.

एकच गलका झाला. शेठ धावत आले. कुणीतरी मला खाली ओढत होतं, मी दांड्याला मिठी मारून बसले होते. "आधी आत बघा! मग मला काय मारायचं ते मारा!" कॅप्टन उतरून आले आणि म्हणाले, "सोडा त्यांना. काय झालंय ते मला कळू दे."

 मग वसंताने पट्टा सोडला. हळूहळू खाली उतरला. त्याने फाटलेल्या जागेतून हात आत घातला, आणि तसाच बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "कॅप्टन, हे विमान आज उडणार नाही. बोल्ट मी बदललेले नाहीत."

शेठचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण वसंताने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाना आणून त्याने बोल्ट काढले. हँगरात नेऊन रंग खरवडला. पोलादाची भेग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते तेलात बुडवायचे, कोरडे पुसायचे आणि वरून खडूची पूड लावायची. भेग असली तर आतलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही सगळे बघत उभे होतो. एक बोल्ट पांढराच राहिला. दुसऱ्यावर, आम्ही बघता बघता, केसासारखी रेघ आली. ती वाढत वाढत जवळजवळ पूर्ण वळसा घालून गेली.

कॅप्टननी टोपी काढली आणि ते बायकोजवळ जाऊन उभे राहिले. वसंत तिथेच जमिनीवर बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. तो किती वेळ रडत होता कुणास ठाऊक.

आम्हा दोघांची नोकरी गेली. लायसन्स वसंताने आपणहून परत केलं. काय घडलं ते सरकारी ऑफिसात जाऊन स्वतः सांगून आला. पुढे अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओत दिव्यांच्या कामावर लागला. त्याने लग्न केलं, संसार केला, पण विमानात पुन्हा कधी पाय ठेवला नाही.

मार्था त्या दुखण्यातून वाचली. हो, वाचली! ती गेली असती तर निदान मी म्हटलं असतं की तिचा आत्मा आला होता, आणि विषय मिटला असता. महिन्याभराने डोक्यावरचे केस गेलेली, काठी झालेली मार्था आवारात उन्हाला बसायला लागली. त्या पंखाच्या कापडाची एक पट्टी मी कापून आणली होती, ती तिच्या मांडीवर ठेवली. तिने गाठींवरून बोट फिरवलं.

"गाठ माझ्यासारखीच हाय," ती म्हणाली. "पण माझी नाय गो, बाय. मी एवढी घट्ट कवाच मारीत नाय."

"मग कुणाची?"

तिने पट्टी माझ्या हातात दिली आणि गळ्यातला क्रूस चाचपला. "मला नको विचारू. आणि हे घरात ठेवू नको." ती पट्टी आम्ही दोघींनी मिळून चुलीत घातली. तापात तिला काय दिसलं, काय नाही, तिला काहीही आठवत नव्हतं.

नंतर मी शिकलेल्या माणसांना आडून आडून विचारून पाहिलं. एक म्हणाले, डोपच्या वासाने भास होतात. दुसरे म्हणाले, भावाने काहीतरी लपवलंय हे तुमच्या मनाने आधीच ओळखलं होतं. असेलही. पण मनाने डाव्या हाताच्या गाठी मारता येतात का?  

वसंताशी मात्र या विषयावर मी चाळीसेक वर्षं बोलले नाही. गेल्या वर्षी तो आजारी होता, बोलणं थकलं होतं. मी त्याच्या पायाला तेल लावत होते. तो आढ्याकडे बघत म्हणाला, "ताई, मी तुला तेव्हा खोटं सांगितलं. मलाही ऐकू येत होतं ते."

"काय?"

"टकटक. कापड चढवायच्या आधीपासून. बोल्ट रंगवत होतो तेव्हापासून."

माझा हात थांबला. "आणि त्या सकाळी? सीटवर?"

"त्या सकाळी तर फारच मोठ्याने."

"मग उतरला का नाहीस रे, वेड्या?"

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "उतरलो असतो तर का उतरलो ते सांगावं लागलं असतं ना."

पंखाच्या पलीकडे कोण बसलं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मला आता भीतीही वाटत नाही. जे कुणी होतं त्याने मला माझा भाऊ परत दिला. झोप उडते ती वसंताच्या त्या एका वाक्याने. ते आठवलं की मी अंथरुणात उठून बसते.